न वाचायचा भाग

पुणे, २० जून २००४

दीपाली,

हा वरचा भाग आप्पांना वाचून दाखवायचा नाही. खाली रेघ मारली आहे, तिथून मोठ्याने सुरुवात कर.

चेतनचा फोन आला होता. नागपूरच्या डॉक्टरांनीही इथल्यासारखंच सांगितलं म्हणे. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेलीही हळूहळू जाणार. आप्पांना मात्र मोतीबिंदू म्हणूनच सांगत राहू, 'अजून पिकला नाही, पिकला की ऑपरेशन करू', असं चेतनचं म्हणणं. मी हो म्हटलं आहे. ज्या माणसाने आयुष्यात वाचनाखेरीज दुसरी चैन केली नाही, त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? दिवसभर त्यांच्याजवळ तू असतेस, प्रश्न तुलाच विचारतील. सांभाळून घे.

________

ती. आप्पांस,

सविनय जय भीम.

फोनवर तुम्ही 'बरं आहे, ठेवतो' याच्या पुढे जात नाही, म्हणून पत्र. दीपाली वाचून दाखवेल. ती वाचताना तिचे उच्चार सुधारत बसू नका, सून आहे, चौथीतली विद्यार्थिनी नाही.

बातमी अशी की वाचनालयाच्या ध्वनिपुस्तक विभागातल्या कॅसेटींना बुरशी धरायला लागली आहे. अंध विद्यार्थ्यांसाठी तुम्ही इतकी वर्षं वाचलेलं सगळं त्यात आहे. आता त्याच्या सीडी करायचं ठरलंय. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या बाईला वेळच वेळ असतो असा सगळ्यांचा समज आहे, त्यामुळे तुमच्या कॅसेटींची खोकी माझ्या घरी आली. आयुषने टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडून दिला. मला वाटलं होतं, कॉम्प्युटर म्हणजे कॅसेट एका घासात गिळेल. तर म्हणतो, 'आई, हे रिअल टाइममध्येच होतं. नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटंच घेणार.' एवढं सांगून तो खराडीला ड्यूटीवर गेला. तेव्हा मी छापील पुस्तक पुढ्यात घेऊन बसते, कोणतं प्रकरण कुठे सुरू होतं ते टिपून ठेवते आणि तुम्हाला ऐकते.

आप्पा, माहेर गावातच असून मी तुमच्या कॅसेटी कधी ऐकल्याच नव्हत्या. तुम्ही आतल्या खोलीत दार लावून, डोक्यावरून गोधडी घेऊन वाचायचात आणि आम्हाला कुकर लावायची बंदी असायची. तरी एका कॅसेटवर शिट्टी आहेच. शिट्टीनंतर तुम्ही आईला काय बोललात ते टेपवर नाही, पण मला आठवतं.

आता खरी गोष्ट. मिठागरावरच्या मुलाची ती कादंबरी तुम्ही चौऱ्याण्णव साली वाचली आहे. तिच्या बाराव्या प्रकरणात भरतीचं पाणी घरात शिरतं आणि तापाने फणफणलेली आई पहाटे जाते. पुस्तकात जाते. तुमच्या कॅसेटवर ती उठून बसते आणि पेज मागते.

मला वाटलं, माझंच पान चुकलं. मागे गेले, पुढे गेले. मग कॅसेट पुन्हा लावली. तुमचा आवाज कुठे अडखळत नाही, कागद सळसळत नाही, ती पेज मागते आणि मुलगा चूल पेटवायला धावतो. असं एकही वाक्य माझ्यासमोरच्या पुस्तकात नाही.

वर्षावासात विहारात ग्रंथ वाचताना स्वल्पविराम निसटला तरी मागे जाऊन अख्खं वाक्य पुन्हा वाचणारे तुम्ही. हे कुठून आलं? रागावून विचारत नाहीये. मला चैन पडत नाहीये एवढंच.

आषाढ पौर्णिमेपासून विहारात वाचन सुरू होईल. तुम्ही परत येईपर्यंत तुमच्या जागी मी वाचावं असं मंडळाने ठरवलं आहे. डोळ्यांची काळजी घ्या.

तुमची,
जया


पुणे, ११ जुलै २००४

दीपाली,

हा भाग तुझ्यापुरता. तू लिहिलंस की आप्पा रोज सकाळी पेपर नाकाशी धरतात आणि 'आज जरा बरं दिसतंय' म्हणतात. ते वाचून मी पत्र उलटं करून ठेवलं आणि स्वयंपाकाला लागले. ऑपरेशनची तारीख विचारत असतील तर दिवाळीनंतर म्हणून सांग. पुढचं पुढे बघू.

________

ती. आप्पांस,

सविनय जय भीम.

कार्ड मिळालं. 'मूळ आवृत्ती वेगळी असेल. नसत्या चौकशा करू नयेत.' अक्षर दीपालीचं, पण वाक्यं तुमचीच, शंकाच नाही.

तुम्ही आवृत्तीचं नाव काढलंत म्हणून मी आवृत्ती शोधली. अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकवाल्याने हात वर केले. म्हणाला, 'बाई, शाळा सुरू झाल्यात, गाईड हवं तर देतो.' मग वाचनालयाच्या तळघरात गेले. तिथल्या विजयमालाबाई धुळीमुळे शिंकत शिंकत माझ्याबरोबर शोधत होत्या. पहिली आवृत्ती सापडली. आई तिच्यातही मरते, त्याच पानावर मरते. कागद फक्त जास्त पिवळा आहे.

घरी ह्यांचं म्हणणं, तू बँकेत नाही, पोलिसात जायला हवी होतीस.

मग मी पुढच्या कॅसेटी ऐकल्या. मेलेल्या माणसाला जिवंत ठेवलं की पुढे किती काम वाढतं, हे तुम्हाला त्या वेळी कळलं असेल. लेखकाच्या पुस्तकात ती बाई बाराव्या प्रकरणानंतर नाही, त्यामुळे तुम्हाला तिच्यासाठी प्रत्येक प्रकरणात जागा करावी लागली. तेराव्यात ती वाळत घातलेले कपडे काढते. चौदाव्यात काही सुचलं नसावं, नुसती आत खोकते. पंधराव्यात बापाला दोन शब्द सुनावते आणि ते इतके चपखल आहेत की लेखकाने ऐकले असते तर ठेवून घेतले असते. सतराव्यात मुलगा परीक्षेत नापास होऊन येतो. पुस्तकात तो एकटाच बांधावर बसून राहतो. तुमच्याकडे आई त्याला दारातच म्हणते, 'आधी पाणी पी, मग सांग.'

इथे मी टेप बंद केला.

आप्पा, हे आपल्या आईचं वाक्य आहे. मी शाळेतून रडत आले, चेतन मारामारी करून आला, तुम्ही मंडळाच्या मीटिंगमधून तणतणत आलात, ती हेच म्हणायची. मला वाटायचं, तुम्ही तिचं बोलणं ऐकतच नाही. ती बोलायची तेव्हा तुमच्यापुढे पुस्तक असायचं. ती गेली तेव्हाही तिच्याबद्दल तुम्ही चार वाक्यं बोलला नाहीत. आणि इथे तुम्ही तिला अख्खी उचलून दुसऱ्याच्या पुस्तकात नेऊन बसवली आहे, ती जिवंत असताना, बाहेर कुकर लावायची थांबलेली असताना. मला खूप रडू आलं. मग चहा केला.

दुसऱ्या एका गोष्टीतला मास्तर पोराला छडीने फोडतो. तुमच्या कॅसेटवर तो छडी उचलतो आणि कोनाड्यात ठेवून देतो. तुमच्या छडीचे वळ कोंडीराम सुतारांचा मुलगा अजून लोकांना सांगतो, म्हणून विचारते. कॅसेटवरचा हा माणूस कोण आहे? मऊ बोलणारा, मरणारीला पेज देणारा? तो आपल्या घरी कधी आला नाही. गोधडीखाली एवढी वर्षं तो राहत होता आणि आम्ही दाराबाहेर आवाज न करता बसलो होतो.

नसती चौकशी आहे, पण उत्तर पाठवा.

तुमची,
जया


पुणे, ३ ऑगस्ट २००४

दीपाली,

आज वरच्या भागात विशेष काही नाही. खालचं मात्र जसंच्या तसं वाच. त्यांना वाईट वाटेल, वाटू दे.

________

ती. आप्पांस,

सविनय जय भीम.

तुमचं उत्तर यायच्या आधीच झोया आली.

मंडईमागे दोरखंडांचं दुकान आहे त्या दादामियाँची ही नात. कसब्यात राहतात. जन्मापासून दिसत नाही. आता एस.वाय.ला आहे, मराठी घेऊन. वाचनालयातून माझा पत्ता घेऊन, आजोबांच्या कोपराला धरून जिना चढली, मी 'या, बसा' म्हटलं तर म्हणाली, 'तुम्ही सीताराम सरांची मुलगीच ना? शेवटचा शब्द तसाच खाली सोडता.' माझ्या आवाजाबद्दल हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

तीच कादंबरी यंदा तिच्या अभ्यासाला आहे. तिने ब्रेलमध्ये किंवा कुणाकडून पुन्हा वाचून घेतली नाही, कारण तिला ती पाठच होती. शाळेत असल्यापासून तुमच्या कॅसेटवर ऐकत आली होती. वर्गात प्रत्येकाने एका पात्रावर बोलायचं होतं. तिने आई निवडली. नापास होऊन आलेल्या मुलाला ती काय म्हणते त्यावर ती छान तयारी करून बोलत होती. सर मधेच म्हणाले, 'कोणती आई? ती तर बाराव्या प्रकरणात गेली.' वर्ग हसला. आणि या पोरीने काय करावं? सरांना म्हणाली, 'सर, तुम्ही पुस्तक नीट वाचलेलं नाही.'

इतका विश्वास होता तिचा तुमच्यावर.

मग शेजारच्या मुलीने तिला ते पान वाचून दाखवलं. सगळ्यांसमोर.

दादामियाँ खुर्चीच्या कडेवर बसले होते. ते म्हणाले, 'बाई, आमची पोरगी चार दिवस जेवली नाही नीट. गुरुजींनी वाईट केलं असं माझ्या तोंडून निघणार नाही. पण तिचं समाधान करा आपण.'

मी समाधान करायला गेले. म्हटलं, अगं, तू लहान होतीस, त्यांनी प्रेमानेच केलं असेल. ती म्हणाली, 'काकू, तुम्ही पण गोल गोल नका बोलू, प्लीज. मला एकच सांगा. बाकीची पुस्तकं पण अशीच आहेत का? म्हणजे मी आजपर्यंत जे वाचलं, ते वाचलं की नाही?'

मी तिला सांगितलं की मी आता सगळी पुस्तकं पुढ्यात घेऊन ऐकते आहे, जिथे जिथे फरक सापडेल तिथे तिला सांगेन. तिने विचारलं, 'सगळं सांगाल? की मला झेपेल तेवढंच?'

आप्पा, आता हे माझ्या उत्सुकतेपुरतं राहिलेलं नाही. तिची परीक्षा ऑक्टोबरात आहे, पण तिला परीक्षेची तेवढी फिकीर दिसत नाही. तिला तिची पुस्तकं खरी होती का ते हवं आहे. ते फक्त तुम्ही सांगू शकता.

तुमची,
जया


पुणे, २४ ऑगस्ट २००४

दीपाली,

हा भाग आज लांब आहे. आप्पा झोपल्यावर निवांत वाच आणि चेतनलाही दाखव.

झोया परवा पुन्हा आली होती. जाताना तिने आप्पांचे डोळे कसे आहेत ते विचारलं. मी ठरल्याप्रमाणे मोतीबिंदूचं सांगितलं. तिने विचारलं, कोणते थेंब घालतात? मी सहज नाव सांगून गेले. तिने ते नाव मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, 'काकू, हे काचबिंदूचे आहेत. आमच्या हॉस्टेलवर निम्म्या मुली हेच थेंब घालायच्या. त्यांना माहितेय?'

मी म्हटलं, नाही.

ती मोठ्याने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, 'म्हणजे त्यांनी माझ्याशी केलं तेच तुम्ही त्यांच्याशी करताय. आणि मी तरी नऊ वर्षांची होते.' मी म्हटलं, अगं, त्यांना सहन होणार नाही. तर म्हणते, 'सहन होणं न होणं नंतरचं. थोडं दिसतंय तोवर काठी घेऊन चालायची सवय करता येते. ब्रेलचे ठिपके मोठे करून डोळ्यांनी ओळखले की बोटांना लवकर कळतात. आपला कप कुठे, चप्पल कुठे, हे बघून लक्षात ठेवता येतं. ते दिवस तुम्ही त्यांना पेपर नाकाशी धरायला लावताय.'

दीपाली, आपण त्यांच्या मनाला जपतोय असं मला वाटत होतं. यात त्यांचे दिवस खर्च होताहेत हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चेतन ऐकणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी विचार करून मला कळवा. मी फार दिवस थांबेन असं वाटत नाही.

________

ती. आप्पांस,

सविनय जय भीम.

तुमची दोन्ही कार्डं मिळाली. दीपालीला इतकं बारीक अक्षर काढायला लावलंत, तिच्या डोळ्यांचं काय? झोयाला मी ती शब्दशः वाचून दाखवली. तुम्ही लिहिलंय की ती कादंबरी एकेक कॅसेट संपेल तशी शाळेत जात होती. अकरावं प्रकरण झालं त्या आठवड्यात शाळेच्या बाईंनी निरोप दिला, एका मुलीची आई वारली आहे, ती काही खात नाही, कुणाशी बोलत नाही, तुमचीच कॅसेट कानाशी धरून बसते, पुढची लवकर पाठवा. आणि पुढचं प्रकरण बारावं होतं. 'मी गोधडीत बसलो, पुस्तक उघडलं, आणि वाचवेना. तेव्हा दुसरं वाचलं.' एवढंच लिहिलंय तुम्ही. एवढं पुरेसं आहे.

आणखी एक वाक्य आहे. 'शाळेत मी पोरांना पुस्तक शिकवलं, मोठ्याने वाचायला लागल्यावर पुस्तकाने मला धरलं.' आप्पा, हे तुम्ही आमच्याशी कधी बोलला असतात तर किती बरं झालं असतं. असो. आता बोललात.

झोया आठवत बसली. म्हणाली, 'हो, अम्मी गेली त्याच्या पंधरा दिवसांत ती कॅसेट आली. मी वाट बघत होते की ही पण मरणार. आणि ती पेज मागते. त्या दिवशी मी जेवले होते.' दादामियाँनी मान फिरवली.

मग तिने मला खरं बारावं प्रकरण वाचायला सांगितलं. मी वाचलं. एकही शब्द गाळला नाही, आणि तो लेखक काही दयाळू नाही हे तुम्हाला माहीतच आहे. ती रडली. संपल्यावर म्हणाली, 'पुन्हा वाचा.' मी पुन्हा वाचलं. त्यात मुलगा आईच्या उशाशी ठेवलेलं भांडं धुऊन पालथं घालतो. तिथे ती म्हणाली, 'हे मी पण केलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. हे पुस्तकात आहे हे मला तेव्हा कळलं असतं, तर मी एकटी नसते ना काकू?'

तुमच्यावर रागावली आहे का, हे मला नीट सांगता येत नाही. तुम्ही जगवलेली आई तिला हवी आहे, आणि लेखकाने लिहिलेलं तिचं मरणही हवं आहे. दोन्हीवर माझा हक्क होता म्हणते. बाकीच्या पुस्तकांतले फरक मी तिला सांगितले. फार नाहीत. छडीवाला मास्तर ऐकून ती हसली.

तिने तुमची चौकशी केली.

तुमची,
जया


पुणे, ६ सप्टेंबर २००४

ती. आप्पांस,

सविनय जय भीम.

या पत्रात दीपालीसाठी वेगळा भाग नाही. आजवरच्या प्रत्येक पत्रात होता. ती तो मनात वाचायची आणि मग तुम्हाला खालून वाचून दाखवायची. तिचा दोष नाही, आम्ही सांगितलं म्हणून तिने केलं. दीपाली, हे वाचताना थांबू नको. चेतन चिडेल, मी बघून घेईन.

आप्पा, तुम्हाला मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे. पिकायचं, ऑपरेशन करायचं, दिवाळीनंतरची तारीख, हे सगळं आम्ही रचलेलं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, नागपूरच्याही डॉक्टरांनी तेच सांगितलं. उजवा डोळा गेला तो परत येणार नाही. डाव्यात आहे ते थेंबांनी काही दिवस राहील, किती ते कुणालाच सांगता येत नाही. त्यानंतर तुम्हाला वाचता येणार नाही.

हे लिहायला मला सकाळपासून संध्याकाळ झाली. मधे विहारात जाऊन ग्रंथाचं आजचं वाचन करून आले. तिथे मी तुमच्यासारखीच एक ओळ चुकले म्हणून मागे गेले, सगळे थांबले, मी पुन्हा वाचलं. घरी येताना विचार केला, तिथे स्वल्पविरामालाही इतकं जपायचं आणि घरच्या माणसाचं पानच्या पान खाऊन टाकायचं, हे मला नाही जमत.

तुम्ही झोयाला वाचवलंत, ते मी मानते. आम्हीही तुम्हाला तसंच वाचवायला निघालो होतो. तिच्या नवव्या वर्षी एक कॅसेट तशी असणं आणि एकोणिसाव्या वर्षीही तीच असणं यात फरक आहे. तुम्ही तर अडुसष्ट वर्षांचे आहात.

मला भीती वाटते आहे, आप्पा. तुमच्या रागाची नाही, ती सवय आहे. तुम्ही हे ऐकून गप्प बसाल आणि मग गप्पच राहाल, याची भीती आहे. काहीही लिहा, शिव्या लिहा. पण लिहा.

तुमची,
जया


पुणे, २७ सप्टेंबर २००४

ती. आप्पांस,

सविनय जय भीम.

दीपालीने फोनवर सगळं सांगितलं. बिचारी रडत होती. म्हणाली, 'ताई, मला नाही हो वाचवलं. पहिल्या ओळीच्या पुढे जाववलं नाही.' मग तिने कागद पुढ्यात धरून आपल्या मनाने सांगायला सुरुवात केली. जयाताई मजेत आहे, पुण्यात गणपतीची तयारी चालली आहे, आयुषच्या कंपनीत पार्टी झाली. आणि तुम्ही ऐकत होता, चहा घेत होता, आणि मधेच म्हणालात, 'दीपाली, तू वाचत नाहीस. वाचणाऱ्याचा श्वास लिहिणाऱ्याच्या विरामावर पडतो. तुझा तुझ्या सोयीने पडतोय. हे काम मी बारा वर्षं केलंय, माझ्यापुढे नको.'

कुणाला हसू यावं अशी ही वेळ नव्हती. मला आलं.

मग तिने खरं वाचलं. तुम्ही कप खाली ठेवलात, आत गेलात आणि दार लावून घेतलंत. चेतन दाराशी जाऊन आला, तुम्ही उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी कुणाशी बोलला नाहीत. दीपाली ताट ठेवून यायची. तो आठवडा मी कसा काढला ते लिहीत नाही. चेतन फोनवर मला म्हणाला, 'ताई, मिळालं समाधान?' झोयाला विचारलं, मी चुकले का गं? ती म्हणाली, 'माहीत नाही काकू. मला पण चार दिवस लागले होते.'

मग तुमचं कार्ड आलं. या वेळी दीपालीचं अक्षर नाही. तुमचं आहे, एकावर एक चढलेल्या ओळी, काही कार्डाबाहेर गेलेल्या. मी भिंग घेऊन वाचलं.

'तुम्ही मला तीन महिने फसवलंत. मी त्या मुलीला दहा वर्षं. तेव्हा बोलायला तोंड नाही. माझ्याच्याने होईल तोवर स्वतः लिहीन. तिला विचार, मला शिकवील का. नाही म्हणाली तर आग्रह करू नकोस.'

मी ते तिला वाचून दाखवलं. 'नाही म्हणाली तर' इथेसुद्धा थांबले नाही.

तिने हो म्हटलं आहे. वाचनालयातली मागची खोली दर रविवारी सकाळी मिळेल, विजयमालाबाईंनी किल्ली देते म्हणून सांगितलं. पण झोयाची एक अट आहे. पहिल्या दिवशी ठिपके नाहीत, काठी नाही, काही नाही. सध्या रोज संध्याकाळी मी तिला खरं बारावं प्रकरण सावकाश सांगते आणि ती ते जाड कागदावर टोचून घेते आहे. पहिल्या दिवशी ते ती तुम्हाला बोटांनी वाचून दाखवणार. तुम्ही ऐकायचं. 'मधे काही घालायचं नाही म्हणावं सरांना,' असा निरोप आहे. ते झाल्यावर तिने तुमचं प्रकरण मागितलं आहे, पेज मागणारीचं. ते तुम्ही पाठ सांगायचं, ती तेही टोचून घेईल. दोन्ही तिला कपाटात हवीत, वेगवेगळी, वर ज्याचं त्याचं नाव घालून.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याची तिकिटं चेतन काढतो म्हणाला. माझ्याशी तुटक बोलला, पण काढतो म्हणाला. दीपालीही पोचवायला येते आहे. आतल्या खोलीतली कॉट मी भिंतीला लावून घेतली आहे.

अजून एक विचारायचं राहिलं. वाचनालयाच्या त्या खोलीत दोनच खुर्च्या आहेत, एक खिडकीशी आणि एक कपाटाशी. तुम्हाला कोणती हवी, असं झोयाने विचारायला सांगितलं आहे. मी पटकन बोलून गेले की आता तुम्हा दोघांना त्याने काय फरक पडतो. ती म्हणाली, 'पडतो ना काकू. खिडकीशी वारा येतो.'

कोणती ते कळवा.

तुमची,
जया